रक्तक्षयातला 'क्षय' कुठला?

भांडुपच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वडील आठवड्यातून तीनदा परळला डायलिसिसला जातात. तपासणीच्या कागदावर 'रक्तक्षय' आणि 'पायाच्या रोहिणीच्या आजाराचा धोका' वाचून आई घाबरली, "म्हणजे यांना क्षय झालाय?" हे शब्द बरोबर आहेत का, आणि रोहिणी म्हणजे शीरच ना?

शब्द बरोबर आहेत आणि आईंचं घाबरणंही चूक नाही. क्षय म्हणजे घटणं, झिजणं. पंचांगात तिथीचा होतो तो हाच. पण बोलताना नुसतं 'क्षय' म्हटलं की टीबीच डोळ्यांसमोर येतो. रक्तक्षयाचा टीबीशी संबंध नाही. इथे घटतं ते हिमोग्लोबिन. तांबड्या पेशी तयार करायचा निरोप अस्थिमज्जेला देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात बनतं. मूत्रपिंड थकलं की निरोप पोचत नाही, म्हणून ते इंजेक्शनने देतात, जोडीला लागेल तसं लोह. बीट-डाळिंबाच्या रसाने हे भरून निघत नाही. (वर त्यातलं पोटॅशियम, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.)

याचा जुना शब्द पंडुरोग. पांडु म्हणजे फिकट. आपला पांडुरंग मात्र काळासावळा, पण तो वाद पुन्हा कधीतरी.

खरा घोळ 'शीर' या शब्दाचा. शीर आखडते, दबते, चढते, फुगते. मज्जातंतू, स्नायू, रक्तवाहिनी, सगळ्यांना आपण एकाच शब्दात गुंडाळतो. रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, धमनी. परत आणणारी ती नीला. रोहित म्हणजे तांबडा, त्यावरून रोहिणी. आकाशातली रोहिणीही तांबूसच दिसते. गंमत म्हणजे सत्तावीस बायकांपैकी एकट्या रोहिणीत गुंतला म्हणून दक्षाने चंद्राला शाप दिला, तो क्षयाचा! दोन्ही शब्द एकाच कथेत.

पायाची रोहिणी अरुंद झाली की नळाला बारीक धार, त्यात रक्तही फिकं. मग स्टेशनचा पूल चढताना पोटरी भरून येते, पावलाची जखम लवकर भरत नाही. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब 0.9 किंवा त्याखाली आला तर संशय घेतात. डायलिसिसच्या रुग्णांत मात्र कॅल्शियम साचून रोहिणी कडक होते आणि आकडा फसवा चढतो, 1.4 च्याही वर जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब पाहतात.

कागदावर 'फिस्टुला'ही असेल. शब्दकोशात त्यापुढे भगंदर सापडेल, तेव्हा आईंना आधीच सांगून ठेवा. हा फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातातली रोहिणी नीलेला जोडून केलेली वाट. त्यावर हलकेच बोटं टेकवली की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते.