दारू एकदम सोडवावी का?

प्रश्न : गडचिरोलीत दारूबंदी असूनही यजमान रोज मोहाची दारू पितात. एकदम बंद करायला लावू, की जेवणातून गुपचूप औषध देऊ?

उत्तर : ताई, दोन्ही नको. बंदी १९९३पासूनची, पण मोहाची दारू गावातच गाळली जाते. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, त्यात जीवही जाऊ शकतो. आधी कधी फिट आली असेल तर दवाखान्यात भरतीच करा. ‘रोज पितात’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिनचं (व्हिटॅमिन बी१) इंजेक्शन देतील. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध लपवून देणं घातक आहे: वर दारू गेली की रक्तदाब कोसळतो. व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मोफत.