मालक बदलला, काम गेलं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी ११ वर्षं ७ महिने सीएनसी मशीनवर कायम कामगार होतो. आमच्याकडे १८० कायम कामगार आहेत. यंदा जानेवारीत कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहाने घेतली. मार्चमध्ये एका शुक्रवारी पाळी सुटताना आम्हा सहा जणांना ऑफिसात बोलावलं, गेटपास काढून घेतले आणि सांगितलं, ‘उद्यापासून येऊ नका, हिशेब बँकेत जमा होईल.’ कारण विचारलं तर ‘वरून आलंय’ एवढंच. असं काढता येतं का? आणि किती पैसे मिळायला हवेत?

उत्तर : असं तोंडी काढता येत नाही. तुमचं प्रकरण औद्योगिक संबंध संहिता, २०२० या कायद्याखाली येतं. ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. त्याआधी काढलेल्यांना १९४७चा औद्योगिक विवाद कायदा लागतो, पण या मुद्द्यावर दोन्ही कायदे एकच सांगतात. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं असेल, तर कारण नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार द्यायचा. शिवाय काढतानाच नुकसानभरपाई हातात पडली पाहिजे. ‘नंतर जमा करू’ म्हणत आधी काढलं, तर ती कपात (कामावरून कमी करणं) कायद्यातच बसत नाही आणि तुमचं प्रकरण तिथेच भक्कम होतं. (३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागते. तुमचा कारखाना त्या आकड्याच्या खाली आहे.)

आता पगाराच्या दोन स्लिपा शेजारी ठेवा, डिसेंबरची आणि फेब्रुवारीची. वर छापलेलं कंपनीचं नाव आणि पीएफचा मेंबर आयडी दोन्हीकडे तोच आहे का, ते पाहा. तोच असेल, तर बहुधा फक्त शेअर विकले गेले. कायद्याच्या नजरेत तुमचा मालक बदललेलाच नाही आणि सेवा पहिल्या दिवसापासून अखंड आहे. नाव आणि आयडी दोन्ही बदलले असतील, तर कारखानाच दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेला आहे. तेव्हा प्रश्न असा पडतो की नव्या मालकाने तुम्हाला सेवा न तोडता, आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर आणि जुनी वर्षं धरून घेतलं का? घेतलं असेल, तर भरपाई ११ वर्षं ७ महिन्यांची. घेतलं नसेल, तर जुन्या मालकाने हस्तांतराच्या वेळीच ती द्यायला हवी होती. नवी कंपनी हिशेब जानेवारीपासून मांडते आणि कामगार गोंधळून सही करतो, ही चूक फार होते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर व्यवहाराची घोषणा बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. विलीनीकरण झालं असेल, तर त्याची योजना कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून पाहता येते. ‘कर्मचारी’ हे शीर्षक असलेलं कलम शोधून त्याची प्रत काढा. सेवा अखंड राहील, असं वचन बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

हिशेब असा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहेत, असं धरू. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची १२ वर्षं. भरपाई दर वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराची, म्हणजे अर्ध्या महिन्याची : १३,००० गुणिले १२, एकूण १,५६,०००. ग्रॅच्युइटी वेगळी असते आणि तिच्यात महिना २६ दिवसांचा धरतात : २६,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे १,८०,०००. नोटीस दिलेली नाही, म्हणून वर एक महिन्याचा पगार, किमान २६,०००. हे झाले ३,६२,०००. उरलेल्या रजा आणि त्या वर्षाचा बोनस याशिवाय. मूळ पगार आणि महागाई भत्ता एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी दाखवला असेल, तर निम्म्याच्या वरचे भत्तेही पगारात धरावे लागतात. ते न धरता केलेला हिशेब स्वीकारू नका. नव्या संहितेनुसार आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून (काढलेल्यांना नवं काम शिकता यावं म्हणून असलेल्या निधीतून) ४५ दिवसांत तुमच्या खात्यात यायला हवा. भरपाई आणि ग्रॅच्युइटी या दोन वेगळ्या रकमा आहेत. ‘ग्रॅच्युइटी दिली, आता आणखी काय’ हे उत्तर चालत नाही. प्राप्तिकरात कपातीची भरपाई ५ लाखांपर्यंत आणि ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत माफ आहे, तरी पुष्कळदा सगळ्या रकमेवर कर कापून मोकळे होतात. तेही तपासा.

पैसे जमा झाले तर परत करू नका. त्याच दिवशी कंपनीला ईमेल आणि नोंदणीकृत टपालाने कळवा : ‘रक्कम हक्क राखून स्वीकारली आहे, कपात मान्य नाही, लेखी कारण आणि हिशेबाचा तक्ता द्यावा.’ ‘पूर्ण व अंतिम, काही तक्रार नाही’ असं छापलेल्या व्हाउचरवर सही करू नका.

एक गोष्ट सहाही जणांनी बसून लिहून काढा : सीएनसी विभागात तुमच्या नंतर लागलेलं कोण अजून कामावर आहे. त्या त्या वर्गात शेवटी आलेल्याला आधी कमी करायचं, हा नियम आहे आणि तो मोडायचा तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. वर्षभरात त्या कामाला माणसं घेतली, तर आधी तुम्हाला विचारायला हवं. म्हणून भरतीची जाहिरात दिसली की तारखेसह फोटो काढून ठेवा.

मग कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात समेटासाठी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ४५ दिवसांत समेट झाला नाही, तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. काढल्यापासून त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. १९७१च्या राज्य कायद्यातली अनुचित प्रथेच्या (मालकाच्या गैरवागणुकीच्या) तक्रारीची मुदत मात्र फक्त ९० दिवसांची आहे, ती वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

प्रश्न : हिंजवडीत सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. कंपनी घेतली गेल्यावर एचआरने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, ‘पाचपर्यंत पोर्टलवर राजीनामा टाक, नाहीतर टर्मिनेट करू, मग पुढे व्हेरिफिकेशनमध्ये अडचण येईल.’ काय करावं?

उत्तर : राजीनामा टाकू नका. एकदा ‘स्वेच्छेने’ हा शब्द नोंदला गेला, की कंपनी म्हणते, काढलंच कुठे? मग भरपाई नाही, नोटीस नाही. कॉल संपताच स्वतःच्या ईमेलवरून एचआर आणि मॅनेजरला लिहा : ‘आज अमुक वाजता मला राजीनामा देण्यास सांगितले. मी राजीनामा देऊ इच्छित नाही, कामावर हजर आहे. कपात करायची असल्यास कारणासह लेखी कळवावे.’ चारच ओळी, पण त्याच दिवशी. दबावाखाली टाकून झाला असेल, तर तो अमलात येण्याआधी लेखी मागे घ्या आणि का टाकला तेही लिहा.

‘आयटीवाले कामगार नसतात’ हे सरसकट खरं नाही. न्यायालय हुद्दा पाहत नाही, रोजचं काम पाहतं. दिवसभर टेस्ट केसेस चालवणारी व्यक्ती ‘लीड’ म्हणवली गेली, तरी तिचं काम तांत्रिकच राहतं. दुसऱ्यांच्या रजा मंजूर करणं, मूल्यांकन करणं हे मुख्य काम असेल, तर मात्र बाजू लंगडी पडते. लॉगिन बंद व्हायच्या आत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि मूल्यांकनं उतरवून घ्या. कोड किंवा ग्राहकाच्या फायली उतरवू नका, तसं केलं तर गैरवर्तनाचं कारण तुम्हीच त्यांच्या हाती द्याल.

थकलेला पगार काढल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. हा नियम मॅनेजरनाही लागू आहे. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांत’ हे कंपनीचं धोरण या नियमापुढे टिकत नाही.

प्रश्न : सांगलीत औषध कंपनीचा एमआर (औषध विक्री प्रतिनिधी) आहे. कंपनीचा विभाग विकला गेला आणि आम्हाला ‘कामगार नाही’ म्हणून भरपाई नाकारली.

उत्तर : औषध विक्री प्रतिनिधींना १९७६च्या वेगळ्या कायद्याने हे संरक्षण दिलं होतं आणि नव्या संहितेत ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतच विक्री प्रतिनिधी आहेत. ते वाक्य जसंच्या तसं उतरवून पत्रात घाला. विभाग विकला, म्हणजे पहिल्या उत्तरातल्या हस्तांतराच्या तिन्ही अटी तुम्हालाही लागू होतात.

प्रश्न : पीएफ लगेच काढू का? नोकरी सोडल्याची तारीखही कंपनीने टाकलेली नाही.

उत्तर : शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ही तारीख तुम्ही स्वतः यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर टाकू शकता. भविष्य निधीची गरज असेल तेवढीच रक्कम काढा, पण पेन्शनच्या भागाला हात लावू नका. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते आणि तो भाग काढला की मोजलेली वर्षं पुसली जातात. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या, म्हणजे पुढच्या नोकरीत वर्षं जोडली जातील. मेडिक्लेमचंही याच आठवड्यात पाहा. गट विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदली लेखी मागा, म्हणजे जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ नव्याने मोजला जाणार नाही. घरात मधुमेहाचं किंवा हृदयाचं औषध चालू असेल, तर हे पत्र सगळ्यांत आधी टाका.