एमआरआय नॉर्मल आला, मग मुलगी विसरते का?

प्रश्न: आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मुलगी पंधरा वर्षांची, तिला ओटीसी डेफिशियन्सी आहे, युरिया सायकलचा जन्मजात आजार. सातवीत असताना तापात उलट्या झाल्या, बरळायला लागली, तेव्हा अमोनिया वाढलाय हे कळलं, त्याआधी काहीच माहीत नव्हतं. नंतर डोक्याचा एमआरआय नॉर्मल आला. पण आता फळ्यावरचा आकडा वहीत उतरवेपर्यंत विसरते, तळहातावर पेनाने लिहून ठेवते. घरचे म्हणतात आळशी आहे. डॉक्टरांनी परत एमआरआय सांगितलाय, सोबत स्पेक्ट्रोस्कोपी (मेंदूतली रसायनं मोजायची तपासणी म्हणे). खरंच गरज आहे का? रेडिएशनची भीती वाटते.
– एक आई

उत्तर: ताई, रेडिएशनची भीती आधी काढून टाका, एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच, चुंबक असतो, फक्त आवाज फार होतो.

आता नॉर्मलचं. साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, आतली रसायनं दिसत नाहीत. आपण खाल्लेल्या प्रोटीनमधून अमोनिया तयार होतो आणि लिव्हर त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर काढतं (हे चक्र क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी 1932 मध्ये शोधलं), तुमच्या मुलीत त्यातलं ओटीसी नावाचं एन्झाइम कमी पडतं म्हणून अमोनिया रक्तातून मेंदूत जातो, तिथल्या अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशी त्याचं ग्लुटामिन नावाचं रसायन करतात, ते साचलं की पाणी ओढतं, मग पेशी फुगू नये म्हणून आतलं मायोइनोसिटॉल नावाचं दुसरं रसायन बाहेर टाकते. स्पेक्ट्रोस्कोपीत हेच दिसतं, ग्लुटामिन वाढलेलं, मायोइनोसिटॉल घटलेलं. ही तपासणी त्याच एमआरआय मशीनमध्ये होते, वेगळं इंजेक्शन लागत नाही. अमेरिकेतल्या न्यूरोलॉजिस्ट डॉ. अँड्रिया ग्रोपमन यांच्या गटाला हा आजार असून काहीच लक्षणं नसलेल्या लोकांमध्येसुद्धा असे फरक दिसलेत.

आणि हे घरच्यांना नक्की वाचून दाखवा. त्याच गटाने सौम्य ओटीसी असलेल्यांना एमआरआयमध्ये झोपवून थोडा वेळ गोष्टी लक्षात ठेवायचं काम दिलं, उत्तरं इतरांइतकीच आली पण मेंदूचा पुढचा भाग जास्त राबताना दिसला. म्हंजे तेवढ्याच कामाला ह्या लोकांचा मेंदू जास्त खपतो. तळहातावर आकडे लिहिणारी पोरगी आळशी कशी हो? तिने तिच्यापुरता उपाय शोधलाय!

तर करून घ्या, पण रिपोर्टकडून निकालाची अपेक्षा ठेवू नका, ती दहावी पास होईल की नाही हे त्यात लिहिलेलं नसतं. अभ्यासासाठी खरा उपयोग न्यूरोसायकॉलॉजी टेस्टचा (लक्ष, स्मरणशक्ती कशी चालते ते प्रश्न-कोड्यांतून बघतात), ती पण मागा, आणि त्या रिपोर्टवर शाळेशी जास्तीच्या वेळेबद्दल बोला.

डाळ, पनीर नको म्हणत असेल तर जबरदस्ती करू नका, ह्या आजारात बऱ्याच जणांना प्रोटीन मुळातच नको वाटतं, किती द्यायचं ते डाएटिशियन ठरवतील. नवरात्राचे उपास तर अजिबात नकोत, उपाशी राहिलं की शरीर स्वतःचं प्रोटीन मोडतं आणि अमोनिया चढतो. उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा आणि अमोनिया आत्ताच तपासा म्हणून सांगा, सॅम्पल बर्फात ठेवून लगेच लॅबला जायला हवं.

स्कॅनच्या दिवशीही उपाशी राहण्याबद्दल तेच. पंधरा वर्षांची मुलगी गुंगीच्या औषधाशिवाय शांत पडून राहू शकते, मग उपाशी ठेवायची गरज सहसा नसते. सेंटरवाल्यांनी तरी उपाशी आणा म्हटलं तर आधी तिच्या डॉक्टरांना फोन लावा, मगच हो म्हणा.