‘मेल्ट्स’ की ‘विल मेल्ट’?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स’ हे बरोबर, मग ‘इट विल मेल्ट’ चूक का? झीरो कंडिशनल कुठे आणि फर्स्ट कुठे, हे मराठी वाक्यावरून ओळखता येतं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : ‘विल मेल्ट’ व्याकरणाने चूक नाही. पण बर्फाचा गुणधर्म सांगायचा असेल तेव्हा दोन्ही भागांत साधा वर्तमानकाळच नेमका (हे झीरो कंडिशनल), आणि परीक्षेतही तोच लिहावा. समोरच्या टेबलावरचा बर्फ दाखवून बोलत असाल, तर मात्र ‘इफ यू लीव्ह दॅट आइस देअर, इट विल मेल्ट’ (‘इफ’च्या भागात वर्तमानकाळ, दुसऱ्यात ‘विल’ : हे फर्स्ट).

मुलीला एकच प्रश्न विचारायला लावा : हे दर वेळी घडतं, की या एका खेपेला घडणार आहे? ‘इफ’च्या जागी ‘व्हेनएव्हर’ घालून अर्थ तोच राहिला, तर झीरो.

मराठी क्रियापदावर मात्र विसंबू नका, कारण मुलं नेमकी तिथेच फसतात. ‘बस चुकली तर मी चालत जातो’ ही रोजची सवय : ‘इफ आय मिस द बस, आय वॉक’. ‘आज बस चुकली तर मी चालत जातो’ यातही ‘जातो’च आहे, पण हा आजचा बेत, म्हणून ‘आय विल वॉक’. ‘तू फोन केलास तर लगेच येतो’ हे आश्वासनही तसंच. तिथे ‘आय कम’ लिहिलं की वाक्य बिघडलं.

दुसरा घोळ ‘चुकली’, ‘आला’ या रूपांचा. ती भूतकाळी दिसतात, म्हणून ‘उद्या पाऊस आला तर’चं ‘इफ इट रेन्ड टुमॉरो, आय विल स्टे होम’ होतं. ‘रेन्ड’ला जोडी ‘वुड’ची, आणि मग पावसाची शक्यता कमी असल्याचा अर्थ येतो. याउलट ‘येणार असेल तर’ मनात धरून काही जण ‘इफ इट विल रेन’ लिहितात. ‘इफ’च्या भागात ‘रेन्स’च हवं, भविष्य दुसऱ्या भागातलं ‘विल’ सांभाळतं. (‘इफ यू विल वेट अ मिनिट’ ही विनंती आहे, तिथलं ‘विल’ म्हणजे तयारी. दहावीला तूर्त ते बाजूला ठेवा.)

‘विल’ऐवजी ‘कॅन’, ‘मे’ किंवा आज्ञार्थही चालतो : ‘इफ इट रेन्स, टेक अ‍ॅन अम्ब्रेला’. ‘इफ’चा भाग आधी आला तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्या, नंतर आला तर नको.