अर्धं तुझं, अर्धं त्यांचं

अरे,

रात्री पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला, तो दिवसभर डोक्यातून गेला नाही. गंगापूर रोडच्या लॉनवरचं लग्न, आत्याने विचारलं जेवण कसं झालं, तू म्हणालास भातात मीठ कमी आहे, आणि आता घरभर तू उद्धट. त्याखाली तू केलेली यादी: डोळ्यांत बघायचा सराव करेन, कधी हसायचं ते शिकेन, शक्यतो गप्प बसेन. आणि शेवटी, 'मावशी, अजून काय बदलू?'

मला राग आला. तुझा नाही, त्या यादीचा. तू आणि मी ऑटिस्टिक, म्हणजे आपला मेंदू जन्मतःच वेगळ्या पद्धतीने चालतो, आडून बोललेलं आपल्याला पटकन कळत नाही. सगळी कामं तुझ्याच नावावर? आत्याच्या नावावर एकही नाही? तिला 'छान झालं' एवढंच ऐकायचं होतं, तशी रीत आहे, मान्य. पण तुला ती बारशापासून ओळखते. विचारलेल्या प्रश्नाचं तू खरं उत्तर देतोस, हे एवढ्या वर्षांत तिला कळायला नको? गैरसमज दोघांत होतो. तो निस्तरायचं अर्धं काम तुझं, अर्धं त्यांचं. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नकोस.

डेमियन मिल्टन नावाचा ब्रिटिश अभ्यासक स्वतः ऑटिस्टिक आहे. त्याने 2012 मध्ये हेच मांडलं: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही असं म्हणता, तर इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं कुठे वाचता येतं? त्याआधी कमतरता एकाच बाजूची धरली जायची. 2017 चा एक प्रयोग तर तू नीट समजून घे. ऑटिस्टिक आणि इतर माणसांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. तेवढ्यात त्यांचं मत झालं, ऑटिस्टिक माणसांशी ओळख वाढवायला ते कमी राजी होते. पण तेच बोलणं नुसतं कागदावर उतरवून दिलं, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे बोलण्यात खोट नव्हती. आवाजाची पट्टी, चेहरा, उभं राहण्याची ढब, यांवरच निकाल लागला होता. असा निकाल लावणाऱ्याने काही शिकायचंच नाही का?

मी नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. शाफ्टचा व्यास मर्यादेबाहेर गेला की लाल टॅग लावायचे आणि 'रिजेक्ट' म्हणून मोकळी व्हायचे. 'साहेब, जरा बघता का' अशी प्रस्तावना मला सुचायचीच नाही. मायक्रोमीटरचं माप बरोबर असायचं, तरी वर्षाच्या शेवटी शेरा ठरलेला: 'माणसांत मिसळत नाहीत.' मग मी मिसळायला लागले. समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध बघायचं. बाकीच्या बायका हसल्या की हसायचं. डबा खाताना कुणाच्या सासूच्या गुडघ्याची चौकशी करायची, आणि कुणाची सासू, कुठला गुडघा, हे आदल्या रात्री आठवून ठेवायचं. संध्याकाळी घरी आले की दिवासुद्धा न लावता पडून राहायचे. आईला वाटायचं, आज कुणी टाकून बोललं असेल. कुणी काही बोललेलं नसायचं. त्या दिवशी मी सगळ्यांना आवडलेली असायचे.

माझं ऑटिझमचं निदान पन्नाशी उलटल्यावर झालं. तोवरच्या वर्षांत माझ्यापाशी माझं असं काही उरलं नाही, ना वाचन, ना मैत्री. आणि तू पंचविशीत तीच यादी घेऊन बसलायस!

आता तुझ्या अर्ध्याबद्दल. तिथेही सूट नाही. तुझे साहेब 'बघू नंतर' म्हणतात, तू अर्ध्या तासाने 'नंतर झालं का' विचारायला जातोस आणि ते चिडतात. त्यांना आधी सांगितलंयस का, की मोघम बोललेलं मला कळत नाही, वार आणि वेळ सांगा? नाही सांगितलं. ते कसं ओळखणार? रंगपंचमीला मित्रांनी रहाडीवर, त्या रंगाच्या पाण्याच्या हौदावर, ओढत नेलं आणि तू न सांगता पळून आलास. पूजेला येईन, हौदातला पहिला धप्पा, म्हणजे उडी, बघेन, गर्दी वाढली की निघेन, हे आदल्या दिवशी सांगता आलं असतं. सांगणं तुझं अर्धं. ऐकून तसं वागणं त्यांचं अर्धं. सांगूनही नाही वागले, तर ते ओझं तू उचलायचं नाहीस.

माझ्या भावाच्या वास्तुशांतीला मी गेले नाही, हे तुझ्या आईने तुला सांगितलंच असेल. मी आधी चिठ्ठी दिली होती: स्पीकर लावणार असाल तर मला जमणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी येते. सकाळी गेले, घर बघितलं, जेवले. तरी वहिनी अजून बोलून दाखवते. बोलू दे. मी माझं अर्धं केलं होतं, आणि उद्या पुन्हा प्रसंग आला तरी एवढंच करेन.

आईवर मात्र चिडू नकोस. तिने तुला माणसांत आणलं नाही म्हणून तू असा झालास, हे तिला पदोपदी ऐकवलं गेलंय. 1950-60 च्या काळात मोठमोठे डॉक्टरसुद्धा ऑटिझमचं खापर आईच्या कोरडेपणावर फोडत. ते साफ चूक ठरलं, पण लोकांच्या तोंडून अजून गेलेलं नाही.

ऑफिसात सांगू की नको, हे तुझं तू ठरव. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम नावानिशी आहे, त्यामुळे लेखी सूचना मागताना उपकार मागतोय असा सूर लावू नकोस. निदानाचं नाव न घेताही मागता येतं. साहेबांना चार ओळींचा मेल लिही: काम लेखी द्यावं, मुदत तारखेसह द्यावी, अचानक बैठक असेल तर विषय आधी कळवावा. 'माझी चूक होते' हे शब्द त्यात नकोत. मसुदा मला गुरुवारी रात्री नऊपर्यंत पाठव, मी शुक्रवारी सकाळी वाचून कळवते.

तुझी मावशी