मागे नाव आहे, पण माणूस तोच का?

प्रश्न : जुन्या सामानात मिळालेल्या फोटोमागे एका बाईंचं पूर्ण नाव आहे. नेटवर त्याच नावाची एक वंशावळ सापडली. फोटो तिथे जोडू का?

इतक्यात नको. आधी फोटोचं वय ठरवा, नावाकडे मग वळा. फोटो ज्यावर चिकटवलेला आहे तो पुठ्ठा पट्टीने मोजा. साधारण 64 × 100 मिमी असेल तर ते कार्त-द-व्हिझित, म्हणजे व्हिझिटिंग कार्डाएवढा फोटो. दिस्देरी या फ्रेंच फोटोग्राफरने पॅरिसमध्ये 1854 साली त्याचं पेटंट घेतलं आणि 1860 च्या दशकात त्याचं पेव फुटलं. 108 × 165 मिमीच्या आसपास असेल तर कॅबिनेट कार्ड, म्हणजे 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढचं. पत्र्यावरचा फोटो लोहचुंबकाने ओढला तर टिनटाइप. पुठ्ठ्यावर स्टुडिओचा पत्ता असल्यास त्या शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या (नाव-पत्त्यांची पुस्तकं) वर्षवार चाळा. तो स्टुडिओ त्या पत्त्यावर कधीपासून कधीपर्यंत होता, ते कळेल. छापून घेतलेले पुठ्ठे संपेपर्यंत वापरले जात, त्यामुळे पुढे थोडी वर्षं सैल धरा.

मग अक्षराकडे या. बॉलपेन सर्रास विकायला आलं ते 1945 च्या सुमारास. 1880 च्या फोटोवर बॉलपेनने नाव असेल तर ते निदान साठ-पासष्ट वर्षांनी, बहुधा ऐकीव माहितीवर, कोणीतरी लिहिलेलं आहे. बायकांच्या बाबतीत लग्नानंतरचं आडनाव जुन्या, लग्नाआधीच्या फोटोवरही लिहिलेलं सापडतं. कधी कधी तर ते नाव फोटोतल्या व्यक्तीचं नसतंच. फोटो ज्यांना भेट दिला त्यांचं असतं.

फोटोचा फोटो हीही नेहमीची फसगत. चित्रात जुन्या प्रिंटची कड किंवा टाचणीची सावली दिसली, चेहऱ्यातले बारकावे पुसट झालेले असले, तर पुठ्ठ्याचं साल प्रतीचं आहे, माणसाचं नव्हे.

प्रश्न : एकाच नावाची तीन माणसं नोंदींत मिळाली. निवड कशी करू?

एकाला निवडू नका, बाकीच्या दोघांना बाद करा. कोण त्या काळात त्या गावाच्या आसपास होतं, चेहऱ्यावरून दिसणारं वय कोणाशी जुळतं, कोण फोटोच्या आधीच वारलं? मूळ जनगणना पत्रकांतून यातलं बरंच कळतं. अमेरिकेत ती 72 वर्षांनी खुली होतात (1950 ची 2022 मध्ये झाली), ब्रिटनमध्ये 100 वर्षांनी. चेहरा जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवू नये. भावंडांमध्येही ते फसतं. टिनटाइपमध्ये डावं-उजवं उलटं दिसतं, तेव्हा बटणं किंवा केसांचा भांग पुरावा म्हणून वापरताना हे लक्षात घ्या. तरीही दोघं उरले तर दोघांचीही नावं द्या आणि 'बहुधा' लिहा. नुसतं नाव ठोकून दिलं की ते दहा वंशावळींत उतरवलं जातं आणि मग कोणाच्याही हाती राहत नाही.

प्रश्न : स्कॅन कसा करावा?

दोन्ही बाजूंनी, अख्खा पुठ्ठा कडेसकट, 600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके). लहान आकार असेल तर 1200. फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीत स्कॅन करा, कारण पिवळटपणा आणि शाईचा रंग हासुद्धा पुरावाच. मूळ फाइल टिफ या मोठ्या, तपशील न गमावणाऱ्या प्रकारात जपून ठेवा, पाठवायला जेपेग. पुसट पेन्सिल वाचायची तर एका बाजूने तिरपा उजेड टाकून मोबाइलने टिपा. बाक आलेला पुठ्ठा काचेवर दाबाल तर वरचा थर तडकेल. तोही वरूनच टिपा. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, पॉलिएस्टरचं घ्या. रंग भरलेली किंवा 'सुधारलेली' प्रत मूळ प्रतीशिवाय एकटी फिरवू नका.

प्रश्न : अनोळखी माणसाचा फोटो नावानिशी जाहीर करणं योग्य आहे का?

इथे दोन वेगळे मुद्दे आहेत. प्रिंट तुमच्या मालकीची म्हणून कॉपीराइट तुमचा होत नाही. बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) फोटोंसाठी किमान 25 वर्षं आहेत, पण बऱ्याच देशांत फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 70 वर्षं मोजतात. दुसरा मुद्दा खासगीपणाचा. फोटोतली व्यक्ती हयात असू शकत असेल तर नाव टाकू नका, लहान मुलाच्या फोटोवर तर नाहीच. हयात वारसांची पूर्ण जन्मतारीख किंवा आईचं माहेरचं आडनावही देऊ नका. बँकांचे सुरक्षा-प्रश्न अनेकदा यांवरच असतात. रुग्ण, कैदी आणि मृतदेह यांचे फोटो आधी कुटुंबाला दाखवा.

प्रश्न : एका वारसाने फोटो काढून टाकायला सांगितलं, दुसरा मूळ प्रत मागतोय.

आधी फोटो नेटवरून काढा, वाद नंतर घाला. मूळ प्रत देताना नातं कागदोपत्री विचारा, मगच पाठवा: फोटोपेक्षा मोठ्या दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, स्पीड पोस्टाने. मागची बाजू स्कॅन झाल्याची खात्री पाठवण्याआधी करा.