पदक, लग्न नंतर, आधी दवाखाना

प्रश्न : मुलगी 17 वर्षांची, बारावी कला शाखेत. 1500 मीटर धावते, राज्य स्पर्धेपर्यंत गेली, पदक नाही. तिचे बाबा म्हणतात, दोन वर्षांत पदक किंवा नोकरी, नाहीतर स्थळं पाहू. पाच महिने पाळी आली नाही, नडगी दुखते. मैदानावर म्हणतात, धावणाऱ्या मुलींचं असंच असते. कोणती भरती धरावी? (एक आई, दिग्रस तालुका, यवतमाळ)

ताई, भरतीवर तुम्ही चार पानं लिहिलीत आणि पाळीवर दीड ओळ. उत्तर आधी त्या दीड ओळीचंच देतो.

‘असंच असते’ हे साफ चूक. तुम्हीच लिहिलंत : पहाटे नुसत्या चहावर सात-आठ किलोमीटर, दुपारी अर्धा डबा परत, संध्याकाळी पुन्हा सराव. खाण्यापेक्षा खर्च जास्त झाला की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन (हाडं मजबूत ठेवणारं संप्रेरक) घटतं, हाडं कमजोर होतात आणि नडगीला बारीक तडा जातो. नडगीवरून बोट दाबत न्या. बोटाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर आजपासून धावणं बंद. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा एक्स-रेत दिसतोच असं नाही; ‘काही नाही’ ऐकून तिला मैदानात पाठवू नका. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग आणि अस्थिरोग, दोन्हीकडे दाखवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, व्हिटॅमिन डी या तपासण्यांबद्दल विचारा. पाळी आणायची गोळी घेऊन मोकळ्या होऊ नका. तिनं पाळी येईल, उपासमार तशीच राहील. सकाळी निघताना केळं किंवा गूळ-शेंगदाणे, परतल्यावर लगेच भाकर-वरण, चालत असतील तर दोन अंडी. चहा जेवणाच्या तासभर मागेपुढे, नाहीतर अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

आता बाबांची मुदत. ही मुदतच तिला उपाशी पळवते आहे, दुखणं लपवायला लावते आहे. धावपटू ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावायची, मग स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) वळली. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली तेव्हा 27 वर्षांची होती. लग्न 2017 मध्ये. धावपटू अविनाश साबळे स्टीपलचेसकडे वळला तोच सैन्यात भरती झाल्यावर. लग्नानं धावणं संपतं हेही खरं नाही. पी. टी. उषाचं लग्न 1991 मध्ये झालं, मुलगा झाला, आणि 1998 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं पुन्हा पदकं आणली. तुमच्या मुलीच्याच 1500 मीटरमध्ये केनियाची फेथ किपयेगॉन 2018 मध्ये आई झाली. त्यानंतर टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिम्पिक सुवर्णं तिची. फक्त त्या घरांत बाळ कोणीतरी सांभाळलं. पहाटे सून मैदानात आणि चूल दुसऱ्याच्या हाती, हे चालेल असं स्थळ बाबांच्या पाहण्यात आहे का?

भरतीचं थोडक्यात : पोलीस शिपाई भरतीत मुलींच्या 800 मीटरला 20 गुण, लेखीला 100. बारावी सोडून नुसती धावली तर ते 100 कुठून आणणार? खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणात नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र चालत नाही.

डॉक्टरांनी पळायला मोकळीक दिली की तिच्या 800 आणि 1500 च्या वेळा कळवा. मातीच्या ट्रॅकवरच्या की सिंथेटिक (रबरी) ट्रॅकवरच्या, तेही लिहा.